ड्यू बॉइस यांनी विद्यापीठ सोडले म्हणजे समाजशास्त्र सोडले का?

हा प्रश्न एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा आहे आणि तो थोडक्यात असा: वंशवादाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ म्हणून विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस यांचे नाव नेहमी घेतले जाते, पण १९१० मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडून एका चळवळीच्या मासिकाचे संपादन पत्करले, पुढे त्यांच्यावर खटला झाला, पासपोर्ट गेला, अखेरीस ते साम्यवादी पक्षातही दाखल झाले. मग ही कारकीर्द समाजशास्त्रज्ञाची मानायची की कार्यकर्त्याची? आणि वंशवादासारख्या विषयात अभ्यासकाला तटस्थ राहता येते का? आपल्या प्रबंधासाठी त्यांचे वाचन कुठून सुरू करावे, हेही तिने विचारले आहे.

सामाजिक सर्वेक्षणाचे काम मी तीसहून अधिक वर्षे केले आहे आणि त्यातली बरीचशी वर्षे संशोधनपद्धती शिकवण्यातही गेली आहेत. त्यामुळे या आयुष्याकडे मी चरित्रकाराच्या नजरेने पाहत नाही. दारोदार फिरून माहिती गोळा करणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहते, आणि त्या नजरेला ते दोन तुकड्यांत मोडलेले दिसत नाही. तरुणपणी ड्यू बॉइस यांनी एक गृहीतक धरले, ते पडताळण्यासाठी अपार कष्ट घेतले, ते अपुरे ठरल्यावर बदलले, आणि हा क्रम त्यांनी म्हातारपणापर्यंत चालू ठेवला. ते गृहीतक असे होते की जग वंशाबद्दल चुकीचा विचार करते, कारण जगाला खरी माहिती नाही. अज्ञान हेच दुखणे असेल, तर शास्त्रशुद्ध ज्ञान हेच त्यावरचे औषध असले पाहिजे. विद्यापीठ सोडणे हा मला याच पडताळणीतून निघालेला निष्कर्ष वाटतो.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, ग्रेट बॅरिंग्टन या लहान गावात झाला. यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. वडील लवकरच घर सोडून गेले आणि आईने मुलाला वाढवले. शाळेत मुलामुलींनी एकमेकांना भेटकार्डे देण्याचा खेळ काढला असता एका मुलीने त्याचे कार्ड नाकारले आणि आपल्यात व इतरांत एक पडदा आहे हे त्याला तेव्हा उमगले, हा प्रसंग त्यांच्या प्रत्येक चरित्रात येतो, म्हणून मी त्यावर रेंगाळत नाही. माझ्या मते त्याहून निर्णायक ठरला तो १८८५ मधला प्रवास. गावातल्या चर्चमंडळींनी उभ्या केलेल्या पैशांवर ते टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात शिकायला गेले आणि दक्षिणेतले कृष्णवर्णीय जग त्यांनी पहिल्यांदा पाहिले. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत ते तिथल्या खेड्यांत शाळा चालवीत. शेतीच्या कामातून सवड मिळेल तेव्हाच त्या शाळेत मुले येत. उत्तरेत वाढलेल्या या तरुणाला आपण ज्या समाजाचे म्हणवले जातो तो समाज अशा रीतीने, जवळजवळ परक्यासारखा, शिकून घ्यावा लागला. क्षेत्रकार्य करणाऱ्याला ही स्थिती फार उपयोगी पडते, कारण आतल्या माणसाला सहज दिसते ते त्याला दिसते आणि आतला माणूस गृहीत धरतो तेही त्याच्या डोळ्यांना खुपते.

फिस्कची पदवी हार्वर्डने आपल्या पदवीच्या तोडीची मानली नाही, त्यामुळे १८८८ मध्ये त्यांना तिथे पुन्हा पदवीच्या तिसऱ्या वर्षाला बसावे लागले. १८९२ ते १८९४ ही दोन वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये काढली आणि तिथे अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव श्मोलर यांच्याकडून ते धोरणाच्या गप्पांआधी वस्तुस्थिती बारकाईने गोळा करण्याची शिस्त शिकले. शिष्यवृत्ती देणाऱ्या निधीने मुदत वाढवून दिली नाही, म्हणून बर्लिनची डॉक्टरेट राहून गेली. १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले. प्रबंधाचा विषय होता आफ्रिकेतून होणाऱ्या गुलामांच्या व्यापाराला अमेरिकेत घातलेल्या बंदीचा इतिहास, आणि हार्वर्डच्या इतिहासविषयक ग्रंथमालेचा पहिला खंड म्हणून तो १८९६ मध्ये छापला गेला. या पुस्तकाची १९५४ मध्ये नवी आवृत्ती निघाली तेव्हा ड्यू बॉइस सत्त्याऐंशीच्या घरात होते, आणि तिला त्यांनी एक कबुलीजबाब जोडला: हे लिहिताना मला मार्क्स आणि फ्रॉइड ठाऊक नव्हते, त्यामुळे माणसे कायदा का मोडतात याचे माझे स्पष्टीकरण नैतिकतेपाशीच अडकले. साठ वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या प्रबंधातील उणीव असे छापून सांगणारे संशोधक मी फार पाहिलेले नाहीत.

आता फिलाडेल्फिया. ओहायोतील विल्बरफोर्स विद्यापीठात ते प्राचीन भाषा शिकवत होते. समाजशास्त्राचे वर्ग जादा घेण्याची त्यांची तयारी होती, पण परवानगी मिळाली नाही. अशा वेळी, १८९६ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून फिलाडेल्फियाच्या सातव्या प्रभागातील कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करण्याचे बोलावणे आले. शहरातील सुधारकांचा समज असा होता की शहराचा ऱ्हास या वस्तीतील गुन्हेगारीमुळे आणि विकल्या जाणाऱ्या मतांमुळे होत आहे, आणि त्या समजावर आता शास्त्राची मोहोर हवी होती. नेमणूक तात्पुरती होती. विद्यापीठात त्यांना ना खोली मिळाली, ना शिकवण्याचे तास. नुकतेच लग्न झालेले हे जोडपे वस्तीच्या सर्वांत वाईट समजल्या जाणाऱ्या भागात, एका भोजनगृहावरच्या एका खोलीत राहायला आले.

त्या प्रभागात तेव्हा ९,६७५ कृष्णवर्णीय राहत होते. ड्यू बॉइस यांनी सहा प्रकारच्या प्रश्नावल्या तयार केल्या: कुटुंबासाठी, व्यक्तीसाठी, घरासाठी, गल्लीसाठी, संस्थांसाठी, आणि मालकाच्या घरीच राहणाऱ्या घरकामगारांसाठी. मग हाताखाली कोणी गणक न घेता ते स्वतः घराघरांत गेले. वस्तीतल्या लोकांनी त्यांचे हसतमुखाने स्वागत केले असे मुळीच नाही. एखाद्या विचित्र प्राण्यासारखे आपल्याला तपासले जावे हे लोकांना आवडत नव्हते, आणि त्यांची ही नापसंती स्वाभाविक होती, असे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. सर्वेक्षण केलेल्या कोणालाही हे वाक्य टोचेल. मी उमेदवारीच्या काळात एका पाहणीत घरोघर जाऊन शौचालय, उत्पन्न आणि मुलांची गैरहजेरी याच क्रमाने प्रश्न विचारत होते, आणि एका बाईंनी शांतपणे विचारले की हे सगळे तुम्ही स्वतःच्या शेजाऱ्यांनाही विचारता का. त्यानंतर मी प्रश्नांचा क्रम बदलला. प्रश्नामागची सत्ता मात्र क्रम बदलून जात नाही, आणि ड्यू बॉइस यांना ती पहिल्याच कामात जाणवली होती.

१८९९ मध्ये 'द फिलाडेल्फिया नीग्रो' प्रसिद्ध झाले. ('नीग्रो' हा त्या काळचा मान्य शब्द होता, तो मोठ्या आद्याक्षराने छापला जावा यासाठी पुढे चळवळ करावी लागली, इतका साधा मानही त्याला नव्हता.) या पुस्तकात वस्तीचा नकाशा आहे, प्रत्येक घर आर्थिक-सामाजिक स्थितीनुसार वेगळ्या रंगात दाखवले आहे, आणि एका दृष्टिक्षेपात कळते की बाहेरून एकजिनसी भासणाऱ्या या वस्तीत किमान चार थर आहेत. त्यातले रोजगाराचे प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटते. तक्त्यांच्या शेजारी तिथे माणसांच्या हकिकती आहेत. याच विद्यापीठातून यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाला उत्तम शिफारशींवर काम मिळाले, काही तासांत त्याचा वर्ण लक्षात आल्यावर त्याला काढून टाकण्यात आले, आणि पुस्तक लिहिले गेले तेव्हा तो विद्यापीठाच्या क्लबात, जिथे त्याचे गोरे सहाध्यायी जेवायला येत, तिथे वाढप्याचे काम करत होता. सुधारक म्हणत होते की ही माणसे कामसू नाहीत. ड्यू बॉइस यांनी कामगार संघटनांचे बंद दरवाजे, वस्तीबाहेर घर न मिळाल्याने भरावे लागणारे चढे भाडे आणि पदवीधराच्या हातातले ताट एकाच पानावर आणून ठेवले, आणि गुन्हेगारी हे या परिस्थितीचे लक्षण आहे, तिचे कारण नाही, असा निष्कर्ष काढला. गुन्हे, दारू, मोडकी कुटुंबे यांपैकी काहीही त्यांनी लपवले नाही.

हे काम किती प्रवाहाविरुद्ध होते हे समजण्यासाठी त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या एका पुस्तकाकडे पाहावे लागते. विमा व्यवसायातील सांख्यिकीतज्ज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी १८९६ मध्ये मृत्युदराच्या तक्त्यांवरून असा दावा केला की कृष्णवर्णीयांत जन्मजात दुर्बलता असून त्यांचा वंश ऱ्हासाकडे चालला आहे. ड्यू बॉइस यांनी या पुस्तकाचे परीक्षण लिहिले आणि हॉफमन यांच्याच पद्धतीने त्यांना उत्तर दिले: म्युनिकसारख्या युरोपीय शहरांत गोऱ्यांचा मृत्युदर याहूनही जास्त राहिलेला आहे, मग तिथला वंशही नामशेष व्हायला निघाला म्हणायचे का? आकडे दोघांकडे होते. कोणता आकडा कशाशेजारी ठेवायचा हे ठरवण्यातच शास्त्र असते, आणि म्हणून मी सांख्यिकीच्या पहिल्या तासाला आजही हे परीक्षण वाचायला देते.

१८९७ च्या अखेरीस ते अटलांटा विद्यापीठात आले आणि तिथे त्यांनी एक प्रचंड योजना आखली: दरवर्षी एक विषय, दहा वर्षांत दहा विषय, आणि तेच चक्र पुन्हा, अशी शंभर वर्षे, म्हणजे एका समाजाच्या स्थित्यंतराची सलग नोंद हाती येईल. व्यवसाय, उच्चशिक्षण, शाळा, कारागीर, धर्मसंस्था, गुन्हे, आरोग्य, कुटुंब असे खंड एकामागून एक निघाले, तेही वर्षाला पाच हजार डॉलरही हाती नसताना. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुमारे ६० रंगीत आलेख हाताने काढले. जमिनीची मालकी, निरक्षरतेतील घट, शहर-खेडे विभागणी हे सारे त्यांत इतक्या धीट आकारांत मांडले आहे की आजच्या संगणकीय आलेखांना त्यांच्यापुढे संकोच वाटावा. त्या कृष्णवर्णीय-अमेरिकन दालनाला पदक मिळाले. त्याच वर्षी लंडनला भरलेल्या पॅन-आफ्रिकन परिषदेच्या निवेदनात, आणि पुढे १९०३ च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' मध्ये, विसाव्या शतकाचा प्रश्न हा वर्णरेषेचा, म्हणजे माणसांना वर्णावरून विभागणाऱ्या रेषेचा, प्रश्न आहे हे त्यांचे प्रसिद्ध वाक्य आले. दुहेरी जाणीव, म्हणजे स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या तुच्छतेने भरलेल्या डोळ्यांनी पाहावे लागणे, ही संकल्पना जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचली ती याच पुस्तकातून.

पण याच काळात गृहीतकाला तडे जात होते. एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने छळ करून जाळून मारले. वस्तुस्थिती शांतपणे मांडणारे एक पत्र लिहून ड्यू बॉइस ते अटलांटातील वृत्तपत्राच्या कचेरीत द्यायला निघाले होते. वाटेत त्यांना कळले की होजच्या बोटांची हाडे पुढच्याच रस्त्यावरच्या किराणा दुकानात मांडून ठेवली आहेत. पत्र न देता ते मागे फिरले. माणसे जाळली जात असताना थंड, अलिप्त शास्त्रज्ञ होऊन राहता येत नाही, असे त्यांनी पुढे या प्रसंगाबद्दल लिहिले, आणि त्यांनी शास्त्र सोडले असे म्हणणारे हेच वाक्य पुराव्यादाखल देतात. ते लोक त्याच ठिकाणी मांडलेले दुसरे कारण मात्र गाळतात: आपण करतो आहोत त्या शास्त्रीय कामाला आपण समजत होतो तशी मागणीच नव्हती. भावनेच्या आघाताइतकेच हे दुसरे कारण महत्त्वाचे आहे, कारण ते सिद्धांताविषयी आहे. अज्ञान हेच मूळ असते, तर ज्ञान घ्यायला समाज पुढे आला असता. (त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा दोन वर्षांचाही नसलेला मुलगा घटसर्पाने गेला. त्या दुःखाबद्दल त्यांनी स्वतः लिहिले आहे. मी त्यात भर घालणार नाही.)

मागणी नव्हती याचा सर्वांत बोलका पुरावा १९०६ मधला आहे. संघराज्य सरकारच्या श्रम खात्यासाठी त्यांनी अलाबामातील लाउन्ड्स काउंटीत शेतमजुरांचा मोठा घरोघर अभ्यास केला. जमिनीची मालकी, कर्ज, कुळांवरची सत्ता, राजकारण, सगळे त्यात होते. अहवाल सादर झाला, पण छापला गेला नाही, आणि पुढे त्यांनी हस्तलिखित परत मागितले तेव्हा ते नष्ट केल्याचे कळले. हे काम संपते न संपते तोच, सप्टेंबरमध्ये, अटलांटात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांवर हल्ले सुरू केले, आणि अलाबामातून धावत घरी परतलेले प्राध्यापक बायको आणि मुलीच्या रक्षणासाठी बंदूक घेऊन पायरीवर बसले. दुसरीकडे देणगीदारांचा पैसा कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या, राजकीय हक्कांची मागणी तूर्त मागे ठेवणाऱ्या, समझोत्याच्या राजकारणाभोवती फिरत होता, आणि त्या राजकारणावर उघड टीका केलेल्या ड्यू बॉइस यांना ठेवून घेणे अटलांटा विद्यापीठालाही जड जात होते. १९१० मध्ये ते न्यूयॉर्कला, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी नव्याने स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संघटनेत, 'द क्रायसिस' मासिकाचे संपादक म्हणून गेले. त्याच वर्षी फ्रँकफर्टमध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञांच्या पहिल्या परिषदेत एका वंशवादी वक्त्याला उत्तर देताना माक्स वेबर यांनी सांगितले की अमेरिकेच्या दक्षिणेतला सर्वांत महत्त्वाचा समाजशास्त्रज्ञ कृष्णवर्णीय आहे आणि त्याचे नाव ड्यू बॉइस आहे. अटलांटात त्यांना राखणे कठीण झाले होते त्याच वर्षी हे घडले.

'द क्रायसिस'ची चोवीस वर्षे मी समाजशास्त्राबाहेरची मानत नाही. पहिला अंक हजार प्रतींचा होता, दहा वर्षांच्या आत खप लाखाच्या घरात गेला, आणि झुंडबळींच्या आकड्यांची नियमित नोंद तिथे होत राहिली. अशा आकड्यांचा पाया १८९० च्या दशकात कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी घातला होता आणि त्याचे पुरेसे श्रेय ड्यू बॉइस यांनी त्यांना दिले नाही, हेही इथेच सांगायला हवे. १९१७ मध्ये ईस्ट सेंट लुइस येथे कृष्णवर्णीय कामगारांची कत्तल झाली, तेव्हा ते मार्था ग्रुएनिंग यांच्यासोबत तिथे गेले, वाचलेल्यांच्या साक्षी घेतल्या आणि सविस्तर अहवाल मासिकात छापला. साक्ष, मोजणी आणि छायाचित्र ही साधने तीच होती. विद्यापीठात असताना अहवाल सुधारकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हाती जाई, तिथे तो आता लाखभर वर्गणीदारांच्या घरी जाऊ लागला.

विचारातला खरा बदल मात्र अभ्यासाच्या विषयातच झाला. फिलाडेल्फियात प्रश्न होता की कृष्णवर्णीयांची स्थिती काय आहे. १९२० पर्यंत 'गोऱ्या लोकांचे आत्मे' या अर्थाच्या शीर्षकाच्या निबंधात ते गोरेपण ही गोष्टच तपासायला घेताना दिसतात, आणि १९३५ च्या 'ब्लॅक रीकन्स्ट्रक्शन' मध्ये हा प्रवास पूर्णत्वाला जातो. यादवी युद्धानंतरचा पुनर्रचनेचा काळ म्हणजे अडाणी मुक्त गुलामांच्या हाती सत्ता गेल्याने माजलेली अंदाधुंदी, असे तेव्हाचा प्रतिष्ठित इतिहास सांगत असे. ड्यू बॉइस यांनी दाखवले की त्याच काळात दक्षिणेत सार्वजनिक शाळांचा पाया घातला गेला, आणि युद्धकाळात मळे सोडून गेलेल्या गुलामांची कृती हा एक सार्वत्रिक संपच होता. पण समाजशास्त्राच्या दृष्टीने त्या जाडजूड ग्रंथातली मोठी गोष्ट वेगळी आहे. दक्षिणेतला गरीब गोरा कामगार कृष्णवर्णीय कामगारासोबत का उभा राहिला नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे की त्याला तुटपुंजी मजुरी मिळत असली, तरी तिच्या जोडीला एक सार्वजनिक आणि मानसिक वेतन मिळत होते: गोरा म्हणून लोक आदराने हाक मारत, बागा आणि बऱ्या शाळा त्याच्यासाठी खुल्या असत, पोलीस त्याच्यातूनच भरले जात आणि न्यायालये त्याच्याशी सौम्यपणे वागत.

इथे मूळ गृहीतक पुरते बदललेले आहे. वंशवाद अज्ञानातून येतो असे मानले, तर माहिती दिली की काम झाले. तो हितसंबंधातून येतो असे मानले, तर माहिती मिळूनही माणूस तो सोडत नाही, कारण त्यातून त्याला काहीतरी रोज मिळत असते. १९४० च्या 'डस्क ऑफ डॉन' या आत्मपर ग्रंथात त्यांनी तिसरा थर जोडला: नकळत जडलेल्या सवयी आणि अतार्किक प्रेरणा, ज्या हितसंबंध संपल्यावरही टिकून राहतात. आणि १९४९ मध्ये वॉर्सातील ज्यूंच्या उद्ध्वस्त वस्तीचे अवशेष पाहिल्यावर त्यांनी लिहिले की हा प्रश्न केवळ कातडीच्या रंगाचा आहे ही आपली समजूत तिथे सुटली. मराठी वाचकाला इथे १९४६ चा एक पत्रव्यवहार आठवेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, आपण त्यांचे लेखन वाचत आल्याचे कळवले, आणि ड्यू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर पाठवून आपल्याला त्यांचे नाव परिचित असल्याचे व अस्पृश्यांबद्दल सहानुभूती असल्याचे सांगितले. दोन्ही पत्रे छोटी, कामापुरती आहेत. त्यावर दंतकथा रचण्याची गरज नाही. दोन अभ्यासक एकमेकांची कागदपत्रे मागवत होते, एवढेही पुरेसे आहे.

त्यांच्या उणिवांबद्दल मी विद्यार्थ्यांना आधीच सावध करते. फिलाडेल्फियाच्या पुस्तकात सर्वांत खालच्या थराविषयीची भाषा उपदेशकाची आहे, त्या काळच्या सुसंस्कृत मध्यमवर्गाच्या कपाळावरची आठी तिच्यात स्पष्ट दिसते. समाजाला वर नेण्याचे काम त्यातला प्रज्ञावान दहावा हिस्सा करील, ही त्यांची १९०३ मधली मांडणी उच्चभ्रू होती आणि ती त्यांनी नंतर स्वतःच सुधारली. १९५३ मध्ये स्टालिनच्या मृत्यूनंतर त्यांनी लिहिलेला गौरवलेख वाचताना मला खेद होतो. वस्तुस्थितीची एवढी भूक असलेल्या माणसाने तिथे वस्तुस्थिती तपासली नाही. उतारवयातील छळाने हा दोष धुऊन निघत नाही, पण छळ झाला हेही खरे आहे. शांततेचा प्रचार करणाऱ्या संस्थेचे काम केल्याबद्दल १९५१ मध्ये, त्र्याऐंशीच्या उंबरठ्यावर, परकीय हस्तक म्हणून नोंदणी न केल्याचा खटला त्यांच्यावर भरला गेला. नोव्हेंबरमध्ये ते निर्दोष सुटले, तरी पुढे अनेक वर्षे त्यांना पासपोर्ट मिळाला नाही, तो थेट १९५८ मध्ये परत आला. १९६१ मध्ये ते साम्यवादी पक्षात दाखल झाले आणि आफ्रिकेच्या विश्वकोशाचे काम हाती घेऊन घानाला गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी आक्रा येथे, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांचा प्रचंड मोर्चा होता आणि तिथे जमलेल्या लोकांना ही बातमी व्यासपीठावरून सांगण्यात आली.

आमच्या विषयाने त्यांच्याशी कसे वागावे? जवळजवळ अर्धे शतक पाठ्यपुस्तकांत अमेरिकी शहरी समाजशास्त्राची सुरुवात शिकागो विद्यापीठापासून दाखवली जाई, वीस वर्षे आधी झालेल्या फिलाडेल्फियाच्या अभ्यासाचा उल्लेखही नसे. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुनार मिर्डाल यांनी अमेरिकेतील वर्णप्रश्नावरच्या १९४४ च्या आपल्या मोठ्या अहवालात कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास कसा असावा याचा नमुना म्हणून नेमके हेच पुस्तक पुढे केले आणि ते जवळपास विस्मरणात गेले आहे अशी नोंदही केली. गंमत अशी की कृष्णवर्णीयांविषयीच्या एका आधीच्या विश्वकोशाच्या प्रकल्पासाठी ड्यू बॉइस त्या काळात निधी शोधत होते आणि तो त्यांना मिळाला नाही. मिर्डाल यांना मात्र बाहेरचा, म्हणून निःपक्षपाती, समजून स्वीडनहून बोलावले गेले होते. २०१५ मध्ये समाजशास्त्रज्ञ ऑल्डन मॉरिस यांनी ही उपेक्षा पुराव्यांनिशी मांडल्यावर अभ्यासक्रम हळूहळू बदलू लागले.

मिर्डाल यांच्या निवडीतच तुमच्या तटस्थतेच्या प्रश्नाचे एक अंग दडलेले आहे. गोरा अभ्यासक गोऱ्यांच्या देशात वर्णाचा अभ्यास करतो तेव्हा त्याच्या हितसंबंधाची चौकशी कोणी करत नाही. ड्यू बॉइस यांनी स्वतः मात्र फिलाडेल्फियाच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकले होते की मोठ्या मानवी प्रश्नांवर प्रत्येकाची काही ठाम मते असणारच, ती अगदी थंड डोक्याच्या संशोधनातही व्यत्यय आणणारच, आणि म्हणून आपल्या चित्रात या मतांनी विकृती तर आणली नाही ना या भीतीने अभ्यासकाने सतत अस्वस्थ असले पाहिजे. मी ही अस्वस्थता मागते, अलिप्तता मागत नाही. नकोसा आकडा मिळाल्यावर तो तुम्ही छापता की नाही, आणि सिद्धांत खोटा ठरल्यावर बदलता की नाही, या दोन कसोट्या मी लावते. पहिलीला ते फिलाडेल्फियात उतरले, दुसरीला पुढची चाळीस वर्षे. स्टालिनच्या बाबतीत दोन्हींत नापास झाले. कारकीर्द समाजशास्त्रज्ञाची होती का, याचे माझे उत्तर यात आले.

राहिला वाचनाचा प्रश्न. बहुतेक जण 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' पासून सुरुवात सुचवतील, कारण ते सुंदर आहे. तुम्ही मात्र आधी 'द फिलाडेल्फिया नीग्रो' च्या परिशिष्टातल्या प्रश्नावल्या वाचा, मग रोजगाराचे आणि वर्णद्वेषाचे प्रकरण, आणि त्यानंतरच १९३५ च्या ग्रंथातील मानसिक वेतनाची पाने. त्या क्रमाने गेलात तर एक गोष्ट लक्षात येईल: कुटुंब, व्यक्ती, घर, गल्ली, संस्था, घरकामगार या सहांपैकी एकही प्रश्नावली गोऱ्या मालकासाठी, घरभाडे घेणाऱ्यासाठी किंवा कामगार संघटनेच्या चिटणिसासाठी नाही. तसे प्रश्न घेऊन या माणसांच्या दारात जाण्याची मुभा १८९६ मध्ये एका कृष्णवर्णीय संशोधकाला कोणी दिली असती असे मला वाटत नाही. प्रबंधाचा आराखडा करण्याआधी ती सातवी प्रश्नावली तुम्ही स्वतः तयार करून पाहा, आणि कोणते प्रश्न लिहिताना हात अडखळतो त्यांची वेगळी नोंद ठेवा.